बाराबंदीच्या गाठीत स्विच: पाच कपड्यांचं छोटं कलेक्शन

'परंपरा आणि तंत्रज्ञान' अशा नावाची कलेक्शन्स पाहिली की बहुतेकांत एकच युक्ती दिसते. जुना पोशाख घ्यायचा, त्यावर एलईडीची पट्टी चिकटवायची आणि बॅटरी कमरेत खोचायची. रॅम्पवर दोन मिनिटं बरं दिसतं. मग मॉडेल हात वर करते, कुठेतरी एक तार निसटते आणि गणपतीच्या रोषणाईतली अर्धी माळ विझावी तसा अर्धा कपडा अंधारात जातो. आधी कळस मग पाया, असा हा प्रकार. दिवे आधी ठरतात आणि कपडा त्यांना टांगायची खुंटी होतो.

इथे उलट्या बाजूने सुरुवात करू. आधी जुन्या कपड्याची शिवण समजून घ्यायची. त्यात बांधायचे बंद कुठे आहेत, कळ्या (वर अरुंद, खाली रुंद असे घेराचे तुकडे) का आहेत, जर (काठातला चमकदार धागा) कशी बनते, हे कळलं की तंत्रज्ञानाची जागा कपडाच दाखवतो. फॅशन डिझायनर हुसेन शालायानच्या २००७ च्या वसंत-उन्हाळा कलेक्शनमध्ये नेमकं हेच होतं. त्यात पोशाख अंगावर असतानाच एका काळातून दुसऱ्या काळात जात: गळा उघडे, घेर वर ओढला जाई, कंबर सरके. आत मोटरी आणि बारीक तारा होत्या, पण दिसे ती बदलणारी शिवण. तेवढा पैसा आणि तेवढे इंजिनिअर आपल्याकडे नाहीत. पण मोटर शिवणीच्या सेवेला होती, एवढं तत्त्व उचलायला काही खर्च नाही.

कलेक्शन पाच कपड्यांचं: बाराबंदी (बारा बंदांनी बांधायचा अंगातला कपडा), लांब अंगरखा, छिद्रांचं जाकीट, काष्ट्यावरून बेतलेली विजार आणि शेला. पाचांपैकी वीज दोनातच. तिसऱ्याला वीज दिली की बॅटऱ्या, चार्जिंग आणि दुरुस्ती यातच वेळ जातो आणि शिवणकाम मागे पडतं. रंग तीनच ठेवा: कोरा पांढरा, निळीचा निळा आणि जरीचा पिवळा. काठांना आणि गोटाला कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण वापरायला हरकत नाही, फक्त त्याचा पन्हा (कापडाची रुंदी) अरुंद असतो हे बेत करताना लक्षात ठेवा.

आधी बघायचं काय

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि अहमदाबादचं कॅलिको म्युझियम ही तीन ठिकाणं पुरेशी आहेत. फ्लॅश टाकून फोटो काढण्यापेक्षा पेन्सिलीने रेखाटन करा, कारण फोटोत नक्षी येते आणि शिवण हरवते. पेशवाईसाठी जेम्स वेल्सने १७९२ च्या सुमारास काढलेलं सवाई माधवराव आणि नाना फडणविसांचं तैलचित्र बघण्यासारखं आहे. पांढऱ्या कापडाचा तलमपणा आणि त्यावर पडणारा दागिन्यांचा भार त्यात नीट दिसतो.

एक बारकावा विसरू नका. मुघल काळच्या जाम्यात (लांब, घेरदार अंगरख्यात) बंद कोणत्या बगलेखाली बांधायचे याला अर्थ होता: हिंदू डावीकडे बांधत, मुसलमान उजवीकडे. म्हणून 'दिसायला बरं' म्हणून पल्ल्याची बाजू बदलू नका. एक बाजू ठरवा आणि पल्ले असलेल्या सगळ्या कपड्यांत तीच ठेवा.

अंगरखा: कळ्या आणि चौबगला

शिवणकामाचा कस लागतो तो इथे, आणि सगळ्यात कमी तंत्रज्ञानही इथेच आहे. छाती ३६ आणि कंबर ३० इंच धरून माप सांगतो. वरचा भाग छातीवर तयार ४० इंच, उंचीला १८. खाली १२ कळ्या. प्रत्येक कळी वर ३ इंच, खाली ९ इंच, लांबी ३२. म्हणजे कमरेवर ३६ इंच, त्यातले ६ पुढच्या पल्ल्यात जातात, आणि खालचा घेर १०८ इंच.

शिवणीला दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच धरला की कळी वर ४ आणि खाली १० इंच कापायची. एक कळी सुलटी, शेजारची उलटी ठेवली की जोडीला १४ इंच लागतात. ४४ इंच पन्ह्यात तीन जोड्या, म्हणजे सहा कळ्या बसतात आणि कतरण जवळपास उरत नाही. जुन्या शिंप्यांचा हिशेब हाच होता: कापड महाग, मजुरी स्वस्त. अख्ख्या अंगरख्याला साडेतीन मीटर कापड पुरतं. मात्र कापडावर एकाच दिशेचं छापकाम असेल तर ही युक्ती फसते. प्रत्येक दुसऱ्या कळीवरचे मोर डोकं खाली करून उभे राहतात. साधं कापड घ्या, नाहीतर दोन्ही दिशांनी चालणारी नक्षी.

कळीच्या तिरप्या कडा उरेबात (विणीला तिरक्या दिशेत) जातात, त्यामुळे त्या ताणतात. शिवताना सरळ कड वर आणि उरेब कड खाली, मशीनच्या दात्यांच्या बाजूला ठेवावी. शिवून झाल्यावर अंगरखा रात्रभर टांगून ठेवा, मग खालची कड सारखी कापा. टांगायच्या आधीच हेम घातलं की दोन धुण्यांत घेर लाटांसारखा खालीवर होतो.

चौबगला म्हणजे बगलेतला चौकोनी तुकडा. तयार ४ इंच चौरस हवा, म्हणून ५ इंच कापायचा. घाईत लोक तो गाळतात आणि बाही सरळ जोडून टाकतात. मग हात वर केला की सगळा कपडा वर येतो. साध्या कपड्यात ते फक्त वाईट दिसतं. विजेच्या कपड्यात प्रत्येक हात वर होताना वाहक दोऱ्यावर ताण येतो आणि तो टाक्यातून तुटतो. म्हणून बाराबंदीलाही चौबगला हवाच. चार कोपऱ्यांत शिवण कोपऱ्याच्या अर्धा इंच अलीकडे थांबवून मशीन वळवा. कोपऱ्यापर्यंत शिवत गेलात तर तिथे चुणी पडते आणि ती इस्त्रीने कधीच बसत नाही.

या अंगरख्यात तंत्रज्ञान म्हणजे फक्त मगजी (शिवणीत घातलेली बारीक पट्टी), तीही परावर्तक कापडाची. या कापडावर बारीक काचमणी असतात आणि ते प्रकाश आला तिकडेच परत पाठवतात. त्यामुळे दिवसा ती राखाडी रेघ दिसते. गाडीचे दिवे किंवा कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला की बाराही कळ्यांच्या शिवणी पांढऱ्या पेटतात. बॅटरी नाही, कोड नाही. मला पाचांत हाच कपडा सर्वांत पटतो, कारण घेराची भूमिती रात्री एका झटक्यात समोर येते.

पट्टी अडीच सेंटिमीटर रुंद कापा, आत २ मिलिमीटरची दोरी घाला आणि झिपर फूट लावून शिवा. हे कापड उरेबात ताणत नाही, म्हणून अंगरख्याच्या गोल गळ्यावर ते वळत नाही. वळवायला गेलात की वरचा थर तडकतो. गळ्याला खणाची उरेब मगजी लावा, परावर्तक फक्त सरळ शिवणींवर. इस्त्री थेट लागली तर काचमण्यांचा थर जातो, म्हणून उलट बाजूने, वर सुती फडकं ठेवून.

बाराबंदी: गाठ हाच स्विच

बारा बंद, म्हणजे सहा जोड्या. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, संक्रांतीच्या दिवसांत, पांढऱ्या बाराबंद्या घातलेले भक्त आजही दिसतात. म्हणजे हा पोशाख संग्रहालयातच उरलेला नाही, लोक तो श्रद्धेने घालतात. नवा बेत करताना तेवढा आदर ठेवावा. पोट उघडं टाकणारी आखूड बाराबंदी करायची असेल तर तिला दुसरं नाव द्या.

कल्पना अशी: छातीवरची वरची गाठ मारली की गळ्याच्या कडेचे सहा पिवळे दिवे हळूहळू उजळतात. गाठ सोडली की तसेच हळू मावळतात.

सामान: अटाइनी ८५ (कोड चालवणारी बारीक चिप) ची छोटी पाटी, शिवता येणारे सहा पिवळे एलईडी, ३३० ओमचे सहा रेझिस्टर, ३.७ व्होल्ट ५०० मिलीअँपिअर-तासाची लिथियम पॉलिमर बॅटरी (संरक्षक सर्किट असलेलीच), स्टीलचा वाहक दोरा, पितळी टिचबटणांच्या चार जोड्या आणि एक मल्टिमीटर. मल्टिमीटर नसेल तर हे काम हातात घेऊ नका, अंदाजाने दोष सापडत नाहीत. शिवता येणाऱ्या पाट्या बाजारात आल्या त्या लिआ बुएक्लीच्या लिलीपॅडपासून, २००७ मध्ये. पण सहा दिव्यांसाठी त्या मोठ्या पडतात, अटाइनी पुरे.

दिवे पिवळेच का? जरीशी रंग जुळतो, हे एक. दुसरं, पिवळ्या एलईडीला सुमारे २ व्होल्ट लागतात, तर पांढऱ्याला आणि निळ्याला ३ किंवा वर. बॅटरी उतरत ३.४ वर आली आणि दोऱ्यात थोडे व्होल्ट गेले की पांढरे दिवे मंदावतात; पिवळे फारसे नाही. लाल आणि निळे दिवे एकाच ओळीत रेझिस्टरशिवाय लावले तर सगळा प्रवाह लाल ओढून घेतो आणि निळे लागतच नाहीत. वर ३३० ओम म्हटलं त्याचा हिशेब साधा आहे: ३.७ वजा २ म्हणजे १.७ व्होल्ट, त्याला ५ मिलीअँपिअरने भागलं की ३४०. बाजारात मिळणारा जवळचा रेझिस्टर ३३०. कपड्यात ५ मिलीअँपिअर भरपूर होतात. त्याहून जास्त दिले की दिवे डोळ्यांत जातात आणि शिवण दिसेनाशी होते.

सहा दिव्यांचे ३० मिलीअँपिअर होतात. पाटीच्या एका पिनेतून २० पेक्षा जास्त मागू नये, म्हणून तीन-तीन दिवे दोन पिनांवर घ्या. वजाची ओळ सगळ्यांना एकच. स्टीलच्या वाहक दोऱ्याला जाडीनुसार फुटाला साधारण १० ते १६ ओम असतात. दोन फुटांच्या वजा ओळीत २० ओम धरले तर ३० मिलीअँपिअरला टोकापर्यंत जास्तीत जास्त ०.६ व्होल्ट गळतात, आणि शेवटचा दिवा पहिल्यापेक्षा मंद दिसतो. यावर उपाय म्हणजे वजाची ओळ तीनदा धावदोऱ्याने शिवायची. तीन ओळी शेजारी, म्हणजे ओम एक तृतीयांश. नाणेबॅटरीवर हा प्रयोग करू नका. ती इतका प्रवाह सलग देण्यासाठी नसते, व्होल्ट खाली बसतात.

आता गाठ. इथे नवखे लोक सरसकट एक गोष्ट करतात: बॅटरीचा प्रवाहच गाठीतून नेतात. सुती बंदात शिवलेले दोन वाहक दोरे गाठीत एकमेकांना कसे टेकतील याचा भरवसा नसतो. श्वास घेतला की संपर्क बदलतो आणि दिवे फडफडतात. गाठीतून प्रवाह न्यायचा नाही, फक्त निरोप न्यायचा. एक बंद पाटीच्या इनपुट पिनेला, त्याचा जोडीदार वजाला, आणि कोडमध्ये पिनेचा आतला पुल-अप (पिनेला प्लसकडे धरून ठेवणारा रेझिस्टर) चालू. तो पुल-अप २० ते ५० किलोओमचा असतो, म्हणून गाठीत १०० ओम असोत की हजार, पाटीला ती बांधलेलीच कळते. शिवाय कोडमध्ये ३०० मिलिसेकंद टिकलेला बदलच खरा माना. त्याहून छोटा म्हणजे फक्त अंगाची हालचाल.

घाम मात्र दगा देतो. मिठाचं पाणी वीज वाहून नेतं. ओला झालेला सुती बंद दहा-वीस किलोओमपर्यंत उतरला की गाठ न मारताच दिवे लागतात. त्यासाठी दोन गोष्टी करा. वाहक दोरा बंदाच्या मुळापासून न शिवता शेवटच्या चार इंचांतच वर आणा. त्याआधीचा भाग दुमडीच्या आत, पॉलिएस्टरच्या पट्टीत गुंडाळलेला. आणि वाहक बंद छातीवरच्या जोडीलाच ठेवा, बगलेखालच्या जोडीला कधीच नाही.

बंद दीड इंच रुंद, १२ इंच लांब, उभ्या धाग्यात कापा. चार पदरी दुमडून तयार होतात एक सेंटिमीटरच्या आसपास. उरेबात कापलेले बंद लांबतात आणि आतला स्टीलचा दोरा लांबत नाही, म्हणून तो तुटतो.

कापड शिवण्याआधी धुऊन आटवून घ्यायचंच. न आटवलेलं सुती कापड पहिल्या धुण्यात आखडतं, स्टीलचा दोरा आखडत नाही. मग तो सैल फासे करून बाहेर येतो, आणि शेजारच्या ओळीचा फासा त्याला टेकला की शॉर्ट. प्लस आणि वजा यांच्यात किमान २ सेंटिमीटर ठेवा, आणि जिथे पल्ला पल्ल्यावर येतो तिथे प्लस बाहेरच्या कापडावर, वजा अस्तरावर, मध्ये एक कोरा थर. बाराबंदीत पल्ले एकमेकांवर चढतातच, त्यामुळे टेबलावर पसरून तपासलेलं सर्किट अंगावर शॉर्ट होणं अगदी नेहमीचं आहे. पुतळ्यावर चढवून, सगळे बंद बांधून, हात वर करून तपासा.

मशीनवर शिवायचं असेल तर वाहक दोरा बॉबिनमध्ये, वर साधा दोरा आणि वरचा ताण थोडा कमी. वाहक दोरा सुईत ओवला तर तो ताणाच्या चकत्यांत अडकून विंचरला जातो. हाताने शिवलेल्या गाठी स्टीलमध्ये आपोआप सुटतात. गाठीवर नेलपॉलिशचा एक थेंब टाका, पण मल्टिमीटरने संपर्क तपासल्यावरच. शेपट्या ३ मिलिमीटरवर कापा. लांब शेपटीसारखं दुष्ट काही नाही. ती दिसत नाही, आणि दोन तासांनी कुठेतरी जाऊन टेकते.

पाटी आणि बॅटरी आतल्या पल्ल्यावर, कमरेच्या थोडं वर, ५ गुणिले ७ सेंटिमीटरच्या झाकणाच्या खिशात. पाठीवर नको, बसताना बॅटरी दाबली जाते. चार टिचबटणांतून जोडणी: बंदाचा निरोप, वजा आणि दोन प्लस. टिचबटण हे जोडणीसाठी फार गुणी असतं. टचकन बसतं, धुताना टचकन निघतं. फक्त रंग दिलेली टिचबटणं घेऊ नका, तो थर वीज अडवतो.

जर तपासायची कशी

जरीतून वीज वाहते का, याचं उत्तर कोणती जर त्यावर आहे. पारंपरिक कसबी जरीत चांदीची चपटी तार रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली असते, वर सोन्याचा मुलामा. नकली जरीत तांब्याची तार, चांदीचा पातळ थर. आणि बाजारात सर्वांत जास्त दिसणारी स्वस्त जर म्हणजे चमकीच्या पॉलिएस्टर फिल्मची बारीक पट्टी. तिच्यावर लाखेसारखा थर असतो आणि मल्टिमीटर काहीच दाखवत नाही. दुकानात मल्टिमीटर घेऊन जा. काठावर १५ सेंटिमीटर अंतराने दोन टोकं टेकवा, आधी लांबीत, मग रुंदीत. बहुतेक वेळा एकाच दिशेने वाहते, कारण जर ताण्यात (उभ्या धाग्यांत) असते किंवा बाण्यात (आडव्या धाग्यांत), दोन्हीत क्वचितच.

हा गुण भारताबाहेर फार पूर्वी कामाला लागला आहे. एमआयटी मीडिया लॅबच्या रेमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी १९९७ मध्ये कापडी सर्किटांवर लिहिलं तेव्हा त्यांच्या हातात भारतीय रेशमी ऑरगंझा होता. त्याचा ताणा साध्या रेशमाचा आणि बाण्यात तांब्याची पातळ पट्टी गुंडाळलेला रेशमी धागा. आडवे धागे एकमेकांपासून वेगळे राहतात, म्हणजे कापड विणलं तेव्हाच शेजारी शेजारी तारा घातलेल्या. त्यावर त्यांनी कापडी कळफलक केला.

शेल्यात आपण हेच वापरतो. तांब्याच्या जरीची १ सेंटिमीटर रुंद, २० सेंटिमीटर लांब पट्टी स्पर्शाची कळ होते: बोट लागलं की त्याच जातीची दुसरी अटाइनी पाटी एक दिवा लावते. दोन पिनांमध्ये १ मेगाओमचा रेझिस्टर, पट्टी एका पिनेला. त्रास असा की शेला खांद्यावर असतो आणि खांदा म्हणजेही अंगच. पट्टीला कायम स्पर्श झाल्यासारखं वाटतं. पट्टीखाली ३ मिलिमीटर नमदा (दाबून केलेलं लोकरीचं जाड कापड) घाला. चालू केल्यावर पहिले पाच सेकंद पाटीने मूळ आकडा मोजावा आणि पुढे तो सावकाश सरकता ठेवावा, म्हणजे चालताना शेला सरकला तरी खोटा स्पर्श लागत नाही.

पैठणी जपणाऱ्या प्रत्येक घरात घड्या बदलत ठेवायची रीत असते, कारण एकाच घडीवर जर तुटते. तीच रीत इथे वायरिंगचा नियम आहे. शेला जिथे दुमडतो तिथून जरीची ओळ नेऊ नका. आणि चांगली पैठणी कापू नका. फाटलेल्या साडीचा उरलेला काठ पुरतो.

छिद्रांचं जाकीट

१८०४ च्या सुमारास लिआँमध्ये जोसेफ मारी जकार्डने मागाला छिद्रांची कार्डं जोडली. छिद्र असेल तर आकडा धागा उचलतो, नसेल तर नाही. पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या अॅनालिटिकल इंजिनसाठी तीच कार्डं योजली. संगणकाचं एक मूळ मागात आहे ते असं. पैठणीशी याची गल्लत करू नये. पैठणीचा पारंपरिक पदर कार्डांवर नाही, छोट्या तिल्ल्या घेऊन, धागे मोजत, हाताने गुंफला जातो.

जाकिटाच्या पुढच्या कडेला अक्षरांचे युनिकोड आकडे (संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेला क्रमांक) द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, छिद्रांनी लिहायचे. १ म्हणजे छिद्र, ० म्हणजे कोरं कापड. 'पैठण' घ्या. प चा क्रमांक २३४६, ऐकाराच्या मात्रेचा २३७६, ठ चा २३३६, ण चा २३३९. सोळा घरांत मांडले की असे दिसतात:

००००१००१००१०१०१०
००००१००१०१००१०००
००००१००१००१०००००
००००१००१००१०००११

मराठीला लागणारी देवनागरीची सगळी चिन्हं २३०४ ते २४३१ मध्ये येतात, म्हणून पहिली नऊ घरं प्रत्येक अक्षरात सारखीच. पाचव्या आणि आठव्या घरात कायम छिद्र. त्यामुळे कोणताही शब्द लिहा, छिद्रांच्या दोन अखंड उभ्या रेघा मिळतात, म्हणजे काठ फुकट. पहिली चार घरं कायम कोरी, ती शिवणीला. उरलेल्या सात घरांत नक्षी. 'पैठण' मध्ये अकराव्या घराची रेघ फक्त मात्रेपाशी तुटते, त्यामुळे दर चौथ्या ओळीला एक ठोका येतो. वेगळा शब्द घेतलात तर ठोका बदलतो. कागदावर दोन-चार शब्द मांडून बघा.

छिद्र ४ मिलिमीटर, केंद्रापासून केंद्र ७, म्हणजे मधे ३ चा पूल. त्याहून कमी पूल ठेवलात तर पहिल्या ताणात फाटतो. सोळा घरं साधारण ११ सेंटिमीटर रुंद होतात. शब्द २० वेळा लिहिला की ८० ओळी, ५६ सेंटिमीटर, जाकिटाची पुढची कड भरते.

लेझर कटर स्वतःचा हवाच असं नाही. पुण्याजवळ पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब (अशी यंत्रं असलेली कार्यशाळा) आहे. शहरांतल्या मेकरस्पेसमध्ये आणि साइनबोर्डवाल्यांकडेही यंत्र असतं. सुती कापडाची कड लेझरने बंद होत नाही, फक्त तपकिरी जळते आणि नंतर धागे सुटतात. म्हणून आधी मागून फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवा, वर मास्किंग टेप लावा, आणि एका जोरदार फेरीपेक्षा दोन हलक्या फेऱ्या मारा. पॉलिएस्टरची कड वितळून बंद होते पण टोचते. रेक्झिन किंवा पीव्हीसी असलेलं काहीही लेझरखाली घालू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराईड निघतो, माणसाला घातक आणि यंत्रालाही. छिद्रांमागे निळं अस्तर लावलं की शब्द दिसतो, पांढरं लावलं की फक्त पोत राहतो. मला निळं बरं वाटतं.

काष्ट्याच्या विजारीबद्दल थोडक्यात. हिच्यात काही घालू नका. मागचा काष्टा खोटा, कमरेला नेफ्यात टाचलेला; निऱ्यांचा भार मागे जाऊ नये म्हणून आतून एक सुती पट्टी. बाकी चार कपड्यांना सोबत म्हणून ती कोरी हवी.

पाचही कपडे आधी मांजरपाटात शिवून बघा, आणि मांजरपाटावरच मार्करने प्लस लाल, वजा निळा अशा ओळी काढा. दिवे कुठे येतात हे कागदावरच्या खाक्यावर कळत नाही. वाहक ओळी अस्तर लावायच्या आधी शिवायच्या. लावल्यावर शिवायला गेलात की सगळं उसवावं लागतं.

धुलाईआधी पाटी आणि बॅटरी काढून, गार पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. स्टीलचा दोरा टिकतो. तांब्याची जर घामाने आणि ओलीने हिरवी पडते, म्हणून शेला धुवायचाच नाही, नुसता हवेवर घालायचा. फोटोसाठी बाराबंदीला मंद उजेड आणि ट्रायपॉड लागतो, अंगरख्याला कॅमेऱ्यावरचाच फ्लॅश. बाजूने मारलेल्या फ्लॅशने परावर्तक मगजी पेटत नाही, कारण प्रकाश कॅमेऱ्याकडे येतच नाही.

विजेच्या दोन्ही कपड्यांच्या आत, लेबलाशेजारी, कापडाचा एक तुकडा शिवा. त्यावर न धुतल्या जाणाऱ्या शाईने ओळींचा नकाशा, बॅटरीचे व्होल्ट आणि प्रत्येक टिचबटण कशाचं हे लिहा. दोन वर्षांनी कपडा दुसऱ्या कुणाच्या हातात गेला की दुरुस्ती करणाऱ्याला अस्तर फाडावं लागणार नाही.